‘साप वरच बघतोय’: पाळीव सापाच्या मेंदूच्या आणि मज्जातंतूंच्या आजारांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रत्नागिरीजवळच्या एका गावात राहतो. घरात दोन कॉर्न स्नेक आणि एक बॉल पायथन आहे, दोन्ही परदेशी, बिनविषारी जाती. मी डॉक्टर नाही. पण बारा वर्षं साप पाळतोय म्हटल्यावर गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंतची पोरं फोन करतात. परवा रात्री साडेअकराला मालवणहून एकाचा आला: “दादा, सापाक कायतरी झाला हा. नुसतो वरच बघता.” दर वेळी तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून ठेवतो.

साप मान वर करून बसलाय. ‘स्टारगेझिंग’ म्हणतात ते हेच का?

बहुतेक वेळा नाही. बॉल पायथन रात्री टँकच्या काचेला टेकून अंगाचा पुढचा भाग उभा करतो, झाकणाकडे बघतो, जीभ बाहेर टाकत राहतो. तो वाट शोधतोय. भक्ष्य गिळल्यावर मान उंचावून जबडा इकडेतिकडे हलवतो, मोठी जांभई देतो, तेही नेहमीचंच. जबड्याची हाडं जागच्या जागी बसवायचं काम चाललेलं असतं.

खऱ्या स्टारगेझिंगमध्ये मान मागे पाठीकडे वळते, हनुवटी आभाळाकडे होते आणि साप तसाच अडकतो. तुम्ही जवळ गेलात, हात पुढे केलात, तरी मान खाली येत नाही. आली तर लटपटत येते आणि पुन्हा मागे जाते. फोनवर मी पहिला प्रश्न हाच विचारतो: त्याला हवं तेव्हा सरळ होता येतंय का? साप दिवसभर चित्रविचित्र आकारात बसतो, त्या आकारांवर जाऊ नका. त्या आकारातून त्याला परत येता येत नसेल तर ते लक्षण. पुढची बहुतेक उत्तरं याच एका प्रश्नाची आहेत.

हे घरी तपासून बघता येतं का?

येतं. जेवण झाल्यावर निदान दोन दिवस जाऊ द्या, आणि पाठीला मार लागल्याची शंका असेल तर हे करूच नका. सपाट जागेवर, चटईवर वगैरे, सापाला दोन्ही हातांनी आधार देऊन हळूच उताणा करा आणि सोडा. निरोगी साप उताणा राहतच नाही. डोक्याकडून वळायला सुरुवात होते आणि ती वळणी लाटेसारखी शेपटीपर्यंत जाते. तुम्ही ‘एक’ म्हणेपर्यंत तो पालथा झालेला असतो. आजारी साप अर्धाच वळतो: डोकं सरळ, पोट वर, मधे पीळ. किंवा तसाच पडून राहतो. एकदा करून बघितलं की पुरे, दहा वेळा करून त्याला छळू नका.

बाकी गोष्टी बसल्या जागी दिसतात. जीभ बाहेर येते का, आणि दोन्ही टोकं सारखी हलतात का? टॉर्च लावल्यावर दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या सारख्या दिसतात का? हातावर घेतल्यावर विळखा घट्ट बसतो, की मागचं अंग ओल्या दोरीसारखं लोंबतं? भक्ष्यावर झेप घेतो तेव्हा नेम चुकतो का? एखादा नेम कुणाचाही चुकतो. पण रोज वीतभर बाजूला तोंड मारणारा साप माझ्या मते डॉक्टरांकडे न्यायचा साप आहे.

कात टाकायच्या आधी आठ-दहा दिवस डोळे दुधाळ होतात. तेव्हा त्याला धड दिसत नाही, तो चिडका होतो, नेम चुकतो. त्या दिवसांत काहीच तपासू नका.

पावसाळ्यात तोंड उघडून मान वर धरतो. हा मेंदूचा आजार?

इथे सगळ्यात जास्त फसगत होते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत नुसतं पाणी असतं. कॉर्न स्नेकला ४० ते ६० टक्के आर्द्रता पुरते आणि आपल्या घरात भिंतीला बुरशी धरलेली असते. टँकमध्ये हवा खेळत नसेल तर श्वसनाचा संसर्ग होतो. छातीत चिकटा साठला की साप श्वास घ्यायला मान वर करतो आणि तोंड किंचित उघडं ठेवतो. लांबून बघणाऱ्याला ते स्टारगेझिंगच वाटतं.

फरक कान देऊन ओळखता येतो. पंखा, टीव्ही बंद करा आणि साप कानाजवळ धरा. घरघर, शिट्टी किंवा बुडबुड्यांसारखा आवाज येतोय? तोंडाच्या कडेला लाळेचे फुगे दिसतायत? अशा सापाला उताणा केला तर तो लगेच पालथा होतो. म्हणजे मेंदू शाबूत आहे, छाती आजारी आहे. डॉक्टर लागतीलच, पण घाबरण्याची जात वेगळी. काही विषाणूंनी दोन्ही एकदम होतं, त्याबद्दल पुढे.

शेपटी थरथरते. फिट येते का सापाला?

कॉर्न स्नेक घाबरला की शेपटीचं टोक फडफडवतो. कागदावर असेल तर खडखड असा आवाजही येतो. ती त्याची धमकी आहे.

फिट मात्र येते. अंगाला पीळ बसतो, स्वतःभोवती मळसूत्रासारखा फिरत राहतो, तोंड उघडं पडतं, कधी स्वतःलाच चावतो. मिनिट-दोन मिनिटांत थांबतं आणि मग साप गलितगात्र होतो. त्या वेळी हातात धरू नका, टँकमधल्या फांद्या आणि पाण्याचं भांडं बाहेर काढा, दिवा बंद करा. आणि कांदा हुंगवू नका. हसू नका, एकाने हुंगवलाय.

घरात असं काय असतं की ज्याने सापाला एकदम असं होईल?

या प्रश्नावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण ही चूक माझ्या घरात झालेली आहे.

आमची थोडी हापूसची कलमं आहेत. मोहोर यायच्या सुमारास तुडतुडे आणि फुलकिड्यांसाठी फवारण्या सुरू होतात: डेल्टामेथ्रीन, लॅम्बडा सायहॅलोथ्रीन, मग इमिडाक्लोप्रीड. एका जानेवारीत काका बागेतून फवारून आले, हातपाय धुतले आणि खांद्यावरचा ओला पंचा नेहमीच्या दोरीऐवजी माझ्या टँकच्या जाळीच्या झाकणावर वाळत टाकला. उबदार जागा, लवकर वाळेल! मी संध्याकाळी कामावरून आलो तर टँकजवळ रॉकेलसारखा वास. आत कॉर्न स्नेकचं डोकं बारीक थरथरत होतं, म्हाताऱ्या माणसाचं थरथरतं तसं. पुढे जायला निघाला की मान डावीकडे वळायची आणि तो स्वतःच्याच अंगावर चढायचा. मी उताणा केला, तो उताणाच राहिला.

डेल्टामेथ्रीनसारखी पायरेथ्रॉइड गटातली औषधं मज्जातंतूंमधले सोडियमचे दरवाजे उघडेच ठेवतात, त्यामुळे संदेश थांबतच नाहीत. ऑरगॅनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या दुसऱ्या गटाची वाट वेगळी: स्नायूला संदेश देणारं रसायन मोडणारं एन्झाइमच ती बंद पाडतात. बाहेरून दिसतं ते सारखंच. कंप, पीळ, लाळ, मग लुळेपणा.

मी काय केलं ते सांगतो. टँकमधलं सगळं अंथरूण फेकलं. सापाला कोमट पाण्याने, नुसत्या पाण्याने, डोकं वर धरून धुतलं. दुसऱ्या खोलीत साध्या कागदावर, उघड्या हवेच्या डब्यात ठेवलं. पहाटे आंबा घाटातून कोल्हापूर गाठलं. डॉक्टरांनी सलाईन दिलं, झटके थांबवायचं औषध दिलं आणि नेमकं कुठलं औषध फवारलं होतं ते विचारलं. बाटलीवरच्या लेबलाचा फोटो माझ्याकडे होता, तो सगळ्यात उपयोगी पडला. साप वाचला. डोक्याचा कंप पूर्ण जायला पाच आठवडे लागले. काका अजून त्या खोलीत शिरताना पंचा बाहेर ठेवतात, मी काही बोललेलो नाही.

बाग नसेल तरी निर्धास्त राहू नका. डासांच्या लिक्विडच्या मशीनमध्येही पायरेथ्रॉइडच असतं. झुरळांचा स्प्रे, कुत्र्याच्या गोचिडांची पावडर, पावसाळ्यात गल्लीत येणारी धुराची गाडी. गाडीचा आवाज आला की खिडक्या लावा आणि टँकवर ओली चादर टाका. गाडी गेली की चादर काढायला विसरू नका.

लाईट गेल्यावर काही होतं का?

जाण्यापेक्षा आल्यावर होतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं, दापोली-मंडणगडकडे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. साप त्यात टिकले. आपल्या किनाऱ्यावर जूनमध्ये साप गारठून मरत नाही. पण वीज परत येते ती कधी कमी, कधी जास्त दाबाने येते, तापमान आवरणारा थर्मोस्टॅट जळतो आणि टँकखालची विजेवर तापणारी चटई, म्हणजे हीट मॅट, तापतच राहते. थर्मोस्टॅटशिवाय मॅट सहज ४० अंशांच्या वर जाते. बॉल पायथनला उबदार कोपरा ३१ ते ३३ अंश हवा आणि थंड बाजू २५ ते २७. सापाचं अंग ३८-४० च्या पुढे गेलं की मेंदूला इजा व्हायला लागते: तोंड उघडं, सैरभैर धावाधाव, मग पीळ, मग निपचित. त्यातून वाचलेल्यांची मान पुढे कायमची वाकडी राहिलेली मी बघितली आहे.

साप तापलेला सापडला तर बर्फ लावू नका. साधं, किंचित कोमट पाणी आणि वारा. एप्रिल-मेमध्ये हीट मॅट लागतच नाही, काढून ठेवा. पत्र्याखालच्या खोलीत टँक असेल तर जागा बदला.

आयबीडी म्हणजे काय? सगळे त्याचंच नाव घेऊन घाबरवतात.

घाबरण्यासारखंच आहे. इन्क्लूजन बॉडी डिसीज (आयबीडी) हा बोआ आणि पायथन या विळखा घालणाऱ्या सापांचा आजार. १९७० च्या दशकापासून तो माहीत होता, पण कारण कळत नव्हतं. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांना आजारी सापांत एका नव्या प्रकारचे अरेनाव्हायरस सापडले, त्यांना आता रेप्टअरेनाव्हायरस म्हणतात. पेशींमध्ये प्रथिनांचे गोळे साठतात, तेच ते ‘इन्क्लूजन’.

बोआ आणि पायथन यांच्यात तो अगदी वेगळा वागतो. बोआ वर्षानुवर्षं धडधाकट दिसत विषाणू बाळगू शकतो. मग कधीतरी खाल्लेलं उलटून टाकायला लागतो, वाळतो, तोंड सडतं, वारंवार संसर्ग होतात. पायथनमध्ये मेंदूची लक्षणं लवकर आणि जोरात येतात: स्टारगेझिंग, मळसूत्री पीळ, उताणा पडून राहणं. आणि मग काही आठवड्यांत संपतो. म्हणून एकाच खोलीत बोआ आणि पायथन ठेवणाऱ्याला मी नेहमी टोकतो. तुमचा गोंडस, खाणारा-पिणारा बोआच शेजारच्या पायथनचा काळ असू शकतो.

औषध नाही, लस नाही. रक्ताच्या नमुन्यात गोळे दिसतात का ते बघतात आणि पीसीआर करतात. एक चाचणी निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं होत नाही, डॉक्टर पुन्हा करायला सांगतील. सापाच्या अंगावरचे काळे बारीक माइट्स हा विषाणू पसरवत असावेत असा दाट संशय आहे. नवा साप घरात आला की निदान तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवा, बोआ असेल तर सहा. वेगळा चिमटा, वेगळं भांडं, आणि जुन्या सापांचं सगळं उरकून मगच नव्याला हात लावा.

आणखी कुठले विषाणू?

फेरलाव्हायरस, पूर्वी नुसतं पॅरामिक्सोव्हायरस म्हणायचे. १९७२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका सर्पकेंद्रात फेर-दे-लान्स जातीचे विषारी साप त्याने पटापट मेले, म्हणून हे नाव. हा छाती आणि मेंदू दोन्ही धरतो. तोंडात चिकटा आणि अंगाला कंप एकाच वेळी दिसले तर डॉक्टरांना याचं नाव सुचवा. ऑस्ट्रेलियातल्या पायथनांत सनशाइन व्हायरस सापडलाय, आपल्याकडे कुणाच्या तोंडून मी तरी ऐकलेला नाही.

माझा बॉल पायथन ‘स्पायडर’ आहे. लहानपणापासून डोकं हलवतो. विकणारा म्हणाला, ही त्याची अदा आहे.

अदा कसली! तो जन्मजात दोष आहे. ‘स्पायडर’ची सुंदर जाळीदार नक्षी आणि तोल जाणं हे एकाच जनुकातून येतं. २०२२ मध्ये सूक्ष्म सीटी स्कॅन करून बघितलं तेव्हा या सापांच्या अंतर्कर्णातल्या तोल सांभाळणाऱ्या नलिका वेड्यावाकड्या निघाल्या. तो बरा होत नाही आणि दुसऱ्याला लागतही नाही. कुणाचं नुसतं डोकं हलतं, कुणाला भक्ष्य धरता येत नाही. चिडला, भुकेजला की जास्त. ‘बंबलबी’सारख्या नावांनी विकल्या जाणाऱ्या बॉल पायथनांतही हाच जनुक असतो.

कॉर्न स्नेकमध्येही एक ‘स्टारगेझर’ जनुक आहे, तो ‘सनकिस्ड’ नावाच्या रंगाच्या वंशात प्रथम लक्षात आला. तो एकाच पालकाकडून आला तर काहीच दिसत नाही, दोघांकडून आला की पिल्लू उताणं पडून गोल फिरतं. असल्या सापांची पिल्लं काढू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. हे म्हटल्यावर दोघांनी माझ्याशी बोलणं सोडलं.

आमच्याकडे ताजी मासळी मिळते. सापाला घातली तर?

बॉल पायथन तोंडही लावणार नाही. पण गार्टर स्नेकसारखा मासे खाणारा साप असेल तर जपा. बऱ्याच जातींच्या कच्च्या मासळीत थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते बी-१ जीवनसत्त्व नासवतं. फ्रीजरमध्ये ठेवून ते मरत नाही. नुसत्या मासळीवर वाढवलेला साप काही महिन्यांनी लटपटतो, मग झटके येतात. डॉक्टरांनी वेळेवर बी-१ चं इंजेक्शन दिलं तर याच आजारात साप डोळ्यांदेखत सुधारतो. व्हायचंच असेल तर हे व्हावं.

घरात पकडलेला उंदीर घालू नका, त्याने आधी काय खाल्लंय कुणास ठाऊक. आणि जिवंत उंदीर टँकमध्ये सोडून झोपायला गेलात तर सकाळी सापाचा कणा कुरतडलेला दिसेल. मागचं अंग लुळं पडण्याचं तेही एक कारण.

माइट्ससाठी गुरांचं आयव्हरमेक्टिन वापरलं तर चालेल?

अंदाजाने? नाही. गुरांच्या बाटलीतला एक थेंब शंभर ग्रॅमच्या सापाला किती होतो याचा हिशोब करा. मात्रा चुकली की लुळा पडतो. जंतांसाठी देतात त्या मेट्रोनिडाझोलचंही तेच, जास्त झालं की तोल जातो.

डॉक्टरांपर्यंत पोचेपर्यंत काय करू?

आधी व्हिडिओ काढा. दवाखान्यात टेबलावर साप हमखास शहाण्यासारखा वागतो. चालताना, जीभ काढताना, उताणा केल्यावर, असं एकेक मिनिट. मग वहीत लिहा: शेवटचं जेवण, शेवटची कात, टँकचं तापमान, महिन्याभरात घरात काय फवारलं, कोण नवा प्राणी आला.

टँक रिकामा करा. कागदाचं अंथरूण, उथळ पाणी, कारण मान न सावरणारा साप वाटीभर पाण्यात बुडतो. खायला घालू नका, तोंडात पाणी ओतू नका. उलटं श्वासात जातं.

प्रवासासाठी आपल्याकडे एक सोय आयती आहे: मासळी बाजारातला थर्माकोलचा खोका. स्वच्छ धुवा, उन्हात दोन दिवस वास जाऊ द्या, बाजूला पेन्सिलीने भोकं पाडा. साप सुती पिशवीत, पिशवी खोक्यात, खोका गाडीत पायाशी. डिकीत नाही. चहाला थांबलात तर एकजण गाडीत राहा, काचा खाली.

कुठे नेऊ? आणि कागद नाहीत म्हणून भीती वाटते.

तालुक्याचे पशुवैद्य गाई-म्हशींत तरबेज असतात, सापाचा अनुभव क्वचितच असतो. तरी आधी त्यांनाच फोन करा. सलाईन आणि झटक्यांवरचं प्राथमिक औषध ते दुसऱ्या डॉक्टरांशी फोनवर बोलून देऊ शकतात. पुढे कोल्हापूर, पुणे, गोवा, किंवा मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. आजारी पडण्याआधीच नंबर शोधून ठेवा, रात्री दोनला गूगल कामाला येत नाही.

कागदांबद्दल: बॉल पायथन आणि बोआ हे साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, त्यामुळे २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, साप ताब्यात आल्यापासून तीस दिवसांत. कॉर्न स्नेक त्या यादीत नाही. नोंदणी करून टाका. कागदांच्या भीतीने साप घरी मरू देणारे लोक मला कळत नाहीत.

परसात एक साप लटपटत, तोंड उघडून पडलाय. घरी आणून उपचार करू?

हात लावू नका. देशी साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, उपचाराच्या नावानेसुद्धा. शिवाय आपल्या कातळावर आणि चिऱ्यांच्या गडग्यात फुरसं असतं, ते आजारी असलं तरी चावतं. वनविभागाला १९२६ वर फोन करा. दूध ठेवू नका, सापाला ते पचत नाही.

सापाचे हे आजार माणसाला लागतात का?

आयबीडी माणसाला झाल्याचं माहीत नाही. साल्मोनेला मात्र कुठल्याही सापाकडून येऊ शकतो. हात साबणाने धुवा, टँकची भांडी मोरीत नको.

डॉक्टर म्हणाले आशा नाही. मग?

विषबाधा, उष्माघात, बी-१ ची कमतरता यांत पहिले काही दिवस सांभाळलं तर साप बऱ्यापैकी सावरू शकतो. पायथनला आयबीडी निघाला तर मी वाट बघणार नाही. ज्याला स्वतःचं डोकं कुठे आहे हे कळत नाही, त्याला आठवडाभर पीळ खात ठेवण्यात माया नाही. भूल देऊन इंजेक्शनने जाऊ द्या. फ्रीजरमध्ये ठेवून मारतात असं कुणी सांगेल, ते ऐकू नका, त्यात जीव यातनेत जातो.

मेल्यावर शवविच्छेदन करायचं असेल, आणि घरात दुसरे साप असतील तर कराच, देह फ्रीजरमध्ये नको. बर्फाने पेशी फुटतात, मग सूक्ष्मदर्शकाखाली काही धड दिसत नाही. प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि एका दिवसात पोचवा. फ्रीज उघडण्याआधी आईला सांगा. मी सांगितलं नव्हतं, आणि त्या कप्प्यात सोलकढीसाठी काढलेला नारळाचा रस होता.